तंत्र-मंत्राच्या अभिजात कादंबऱ्या: सोलापुरात बसून सुरुवात कुठून करायची

भुताची गोष्ट वेगळी आणि तंत्र-मंत्राची कादंबरी वेगळी, एवढं आधी लक्षात घ्या. भुताच्या गोष्टीत भूत माणसाला गाठतं. वाड्यात, विहिरीत, वळणावरच्या पिंपळात ते आधीपासून असतं आणि बिचारा नायक तिथून जात असतो. तंत्र-मंत्राच्या कादंबरीत माणूस आपल्या पायाने जातो. त्याला काहीतरी हवं असतं: न संपणारं आयुष्य, दुसऱ्याच्या मनावर ताबा, किंवा पलीकडे काय आहे ते एकदा बघणं. कोणीतरी त्याला बजावतं की याची किंमत मोजावी लागेल. तो म्हणतो, बघू. या 'बघू'साठी ही पुस्तकं वाचायची. भीती वाटली तर वाटली. पण आपण जागे राहतो ते त्या माणसाची हाव ओळखीची वाटते म्हणून.

कुणाच्या तरी सांगण्यावरून एखादं जाड इंग्रजी पुस्तक आणलं आणि तिसाव्या पानावर मिटून ठेवलं, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते.

१. आधी घरचं भांडवल मोजा

विक्रम राजा स्मशानात प्रेत आणायला का जातो, आठवतंय का? वेताळाच्या पंचवीस गोष्टींपैकी चार-पाच सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्या ज्या चौकटीत बसवल्यात ती चौकट बरेच जण विसरलेले असतात. एक योगी राजाला दररोज एक फळ देत राहतो. पुढे उघडकीला येतं की प्रत्येक फळात रत्न आहे. एवढ्या उपकाराखाली दबलेला राजा योग्याच्या साधनेला मदत करायला कबूल होतो. योग्याला खरं हवं असतं ते राजाचं शीर. शेवटी वेताळच राजाला युक्ती सांगतो: तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मी राजा, मला माहीत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' रचला, त्यात ही कथा आहे. विद्या, लोभ, ठरलेली रात्र, बळी आणि एका वाक्यात उलटलेला डाव. युरोपातले कादंबरीकार पुढे ज्या सामग्रीवर शेकडो पानं लिहिणार होते, ती सगळी इथे आहे. पहिलं वाचन हेच करा, आणि बालआवृत्ती न घेता पूर्ण घ्या.

सोलापूरकराला आणखी एक फायदा आहे. विधी कसा चालतो हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज कोणत्या क्रमाने निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता कधी पडतात, होम मैदानावर होम कधी होतो, यातलं काहीही पुढेमागे झालेलं चालत नाही. होमानंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे खाद्य ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, यावरून पाऊसपाण्याचा आणि महागाईचा अंदाज बांधतात. गैरसमज नको, ही सिद्धरामेश्वरांची भक्ती आहे, हिला जादूटोण्याच्या पंगतीत बसवायचं नाही. मुद्दा एवढाच की जमिनीवर वर्तुळ आखायचं, अमुक दिशेला तोंड करायचं, मध्ये उठायचं नाही असं कादंबरीत आलं की पुण्या-मुंबईचा एखादा वाचक ते कंटाळवाणं तपशीलकाम समजून ओलांडतो. तुम्ही ओलांडू नका. क्रम मोडला तर काय होईल या धाकावरच तो प्रसंग उभा असतो.

करणी, उतारा, भानामती हे शब्दही इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची टांगणाऱ्याला विचारा, 'विश्वास आहे का?' तो हसतो आणि म्हणतो, 'असू द्या की, काय बिघडतंय!' हे उत्तर जपून ठेवा, लवकरच पुन्हा भेटेल.

२. मराठीतून आत शिरा

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांना टाळून थेट इंग्रजीकडे जाणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी कंबर तलाव सोडून समुद्र गाठणं.

धारपांच्या समर्थ-कथा घ्या. त्यातल्या नायकाकडे शक्ती आहे, पण तिची हाव नाही. समोरच्या दुष्टाकडे हाव आहे, म्हणून तो हरतो. हे गणित सरळ आहे आणि नवख्याला सरळ गणितच बरं. मग 'लुचाई' वाचा. स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' या १९७५ च्या कादंबरीवर ती बेतलेली आहे आणि 'सालेम्स लॉट' उभी आहे 'ड्रॅक्युला'च्या खांद्यावर. म्हणजे 'लुचाई' वाचून झाली की 'ड्रॅक्युला'च्या नातीशी तुमची ओळख झालेली असते. आजोबांकडे जाताना बिचकायला होत नाही.

मतकरींची वाट निराळी आहे. त्यांच्या कथांमध्ये बऱ्याचदा बाहेरून काही यावंच लागत नाही, घरातल्याच माणसाच्या मनातलं पुरतं. 'खेकडा' आणि 'मध्यरात्रीचे पडघम' या संग्रहांतल्या कथा एका बैठकीत एक याप्रमाणे वाचा. सलग पाच वाचल्या की शेवटच्या धक्क्याची सवय होते आणि मजा जाते.

इथेच रमलात तर इथेच राहा, कुणी परीक्षा घेणार नाही. पण पुढे जायचं असेल तर आता वेळ झाली आहे.

३. पहिलं मोठं पुस्तक: 'ड्रॅक्युला'

ब्रॅम स्टोकर लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. त्यांची ही कादंबरी १८९७ साली आली. सगळ्यांना वाटतं की ती आपल्याला माहीत आहे, कारण सिनेमे पाहिलेत. सिनेमे विसरा.

पहिली गोष्ट, पुस्तकात निवेदक नाही. दैनंदिन्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, जहाजाच्या कप्तानाच्या नोंदी आणि एका डॉक्टरने फोनोग्राफवर बोलून ठेवलेली डायरी अशा कागदांची ती फाइल आहे. मिना नावाची बाई हे सगळं टाइपरायटरवर तारीखवार उतरवून काढते आणि मग शिकार करणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदा काहीतरी ठोस येतं. त्या काळचं सगळ्यात नवं कार्यालयीन तंत्र वापरून सगळ्यात जुन्या दुष्टाला पकडायचं, हा स्टोकर यांचा खरा डाव. म्हणून वाचताना प्रत्येक नोंदीची तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव बघायची सवय लावा. ती नसेल तर शंभराव्या पानावर गोंधळ उडतो.

दुसरी गोष्ट, सुरुवात सोलापूरकराला घरची वाटेल. ३ मे रोजी जोनाथन हार्कर हा तरुण वकील प्रवासाची नोंद लिहायला बसतो. गाडीला तासभर उशीर. पूर्वेला जावं तसतशा गाड्या जास्तच बेभरवशाच्या, अशी त्याची तक्रार. रात्री लाल तिखटातली कोंबडी खाल्ल्यामुळे त्याला सारखी तहान लागते, तरी पाककृती मिनासाठी मागून घ्यायचं तो टिपून ठेवतो. आपल्याकडची शेंगाचटणी त्याला दिली असती तर कादंबरी तिथेच संपली असती. दुसऱ्या दिवशी खानावळीची मालकीण त्याच्या गळ्यात क्रूस घालते. हा इंग्लंडच्या प्रोटेस्टंट पंथाचा शिकलेला माणूस. असल्या वस्तूंना तो मूर्तिपूजा समजतो. पण म्हातारीला नाही कसं म्हणायचं, म्हणून राहू देतो. तेच ते, 'असू द्या की, काय बिघडतंय'. तो क्रूस पुढे कामाला येतो तेव्हा हार्करच्या शिक्षणाला पहिला तडा जातो, आणि वाचकाच्याही.

तिसरी गोष्ट म्हणजे धोक्याची जागा. पहिली चार प्रकरणं ड्रॅक्युलाच्या किल्ल्याच्या वाटेवर आणि किल्ल्यात आहेत आणि ती सुसाट जातात. पाचव्या प्रकरणात एकदम मैत्रिणींची पत्रं, लग्नाची मागणी, हवापाणी. बहुतेक जण पुस्तक इथे सोडतात. सोडू नका. सातव्या प्रकरणात डिमीटर जहाजाच्या कप्तानाच्या नोंदी येतात. एकेक खलाशी नाहीसा होत जातो आणि कप्तान ते हिशेबाच्या वहीसारखं कोरडेपणाने लिहीत जातो. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात भीतिदायक लेखन तेच आहे, आणि त्यात ड्रॅक्युलाचं नावसुद्धा नाही. पुढेही काउंट ड्रॅक्युला स्वतः फार कमी पानांवर दिसतो. लांबी त्याच्या नसण्याची आहे.

एक गंमत सांगतो. मिनाची मैत्रीण लूसी हिला वाचवण्यासाठी चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त चढवलं जातं आणि रक्तगट जुळतो का हे कुणी विचारत नाही. विचारणार कसं? लँडस्टायनर यांचा रक्तगटांचा शोध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला, पुस्तकानंतर चार वर्षांनी.

४. पुस्तक मिळवायचं कुठून

मराठीसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सभासद व्हा. 'भयकथा द्या' असं म्हणण्यापेक्षा लेखकाचं नाव घेऊन मागा, कारण ही पुस्तकं कादंबरी, कथासंग्रह, अनुवाद अशा वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेली असू शकतात. 'ड्रॅक्युला'चा मराठी अनुवाद घेताना मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर 'संक्षिप्त' लिहिलंय का पाहा. संक्षेपात पहिली कात्री कागदपत्रांवर चालते, म्हणजे वर सांगितलेली सगळी मजा जाते.

इंग्रजी वाचणार असाल तर पैसे लागत नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. स्टोकर १९१२ मध्ये गेले. ज्यांची पुस्तकं पुढे येणार आहेत, त्यांपैकी आर्थर मॅकेन १९४७ मध्ये. सॉमरसेट मॉम १९६५ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची साठ वर्षं २०२५ च्या अखेरीस भरतात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर 'ड्रॅक्युला', 'द मॅजिशियन', 'द ग्रेट गॉड पॅन', 'झानोनी' ही सगळी मोफत उतरवून घेता येतात. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिपुस्तकं आहेत. शिलाई मशीनवर किंवा दुकानात बसून काम करणाऱ्यांना तीच बरी. फक्त मूळ फ्रेंच असलेल्या पुस्तकाचा नवा इंग्रजी अनुवाद हक्काखाली असू शकतो, हे ध्यानात ठेवा.

५. दुसरं पुस्तक: 'द मॅजिशियन'

मॉम यांची ही १९०८ ची कादंबरी नवख्यांसाठी मला 'ड्रॅक्युला'हूनही सोयीची वाटते. लहान आहे, पात्रं मोजकी आहेत आणि गोष्ट सरळ पुढे जाते. आर्थर बर्डन हा शल्यचिकित्सक, डोळ्याला दिसेल तेवढंच मानणारा. मार्गारेट ही त्याची वाग्दत्त वधू. मध्ये येतो ऑलिव्हर हॅडो: अगडबंब, बढाईखोर, विनोदी आणि किळसवाणा. पॅरिसच्या जत्रेत एक गारुडी भेटतो, हॅडो विषारी साप हातात घेऊन स्वतःला चावून घेतो आणि त्याला काही होत नाही. साप दात काढलेला असेल, असं तुम्ही म्हणणार. गारुडी आपण पाहिलेत. लगेच तोच साप सशाला चावतो आणि ससा मरतो. मॉम इथे काहीच खुलासा करत नाहीत. पुढे बराच काळ हा माणूस खरोखर काही जाणतो की नुसता थापाड्या आहे, हे ठरत नाही, आणि ते ठरत नाही तोवर वाचक हॅडोच्या मुठीत राहतो.

हॅडो घडवला आहे अलेस्टर क्रोली या खऱ्या माणसावरून. तांत्रिक म्हणून तो तेव्हाच गाजू लागला होता आणि मॉम त्याला पॅरिसमध्ये भेटले होते. पुस्तक आल्यावर क्रोलीने 'व्हॅनिटी फेअर'मध्ये परीक्षण लिहिलं, इतर पुस्तकांतून उचलेगिरी केल्याचा आरोप केला आणि खाली सही केली: ऑलिव्हर हॅडो! खलनायकाने स्वतःच्याच कादंबरीवर टीका लिहावी, यापरता गौरव कोणता? क्रोलीची स्वतःची कादंबरीही आहे, 'मूनचाइल्ड', १९२९ साली छापलेली. ती सध्या बाजूला ठेवा. तिच्यात जुन्या वैऱ्यांवर उगवलेले सूड इतके आहेत की आधी त्या वैऱ्यांची माहिती हवी.

६. उलटी पूजा कळायला सुलटी माहीत हवी

इथवर आलात की एक अडचण जाणवेल. आपला राक्षस शंकराकडून वर मागून घेतो. देव आणि तो एकाच घरात वावरतात. ख्रिस्ती सैतान तसा नाही. तो देवाविरुद्ध उठलेला बंडखोर आहे आणि त्याला माणसाचा आत्मा हवा असतो, कायमचा. करार रक्ताने सही करून होतो, ते एवढ्यासाठी. पुनर्जन्म नाही, म्हणजे पुढच्या जन्मी फेडू ही सोय नाही. ही एक गोष्ट मनात ठेवली की पात्रांचा थरकाप पटायला लागतो.

तसंच 'ब्लॅक मास'चं, म्हणजे सैतानासाठी केलेल्या उलट्या मिस्सेचं. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची मिस्सा कशी होते, पवित्र केलेल्या भाकरीला काय मानतात, हे माहीत नसेल तर तिची विटंबना वाचून आपल्याला काहीच होत नाही. कॅथलिक मित्र असेल तर सरळ विचारा. फार तर तो विचारेल, 'असलं काय वाचतोस बे?'

हे कळलं की जोरिस-कार्ल उइसमान्स यांची 'ला-बा' (१८९१) हाती घ्या. तिचा नायक दुर्ताल हा लेखक आहे. पंधराव्या शतकातल्या जिल द रे या सरदाराचं, म्हणजे जोन ऑफ आर्कच्या एका सोबत्याचं आणि पुढे मुलांच्या हत्यांसाठी फाशी गेलेल्या माणसाचं, तो चरित्र लिहितोय. अभ्यास करता करता त्याला प्रश्न पडतो, हे सगळं आज पॅरिसमध्ये चालू असेल का? तो शोधायला जातो. पुस्तकात निम्मी पानं गप्पाच आहेत. घंटा वाजवणाऱ्याच्या घरी मनोऱ्यात जेवणं चालतात आणि चर्चा चालतात. कंटाळा आला तर जेवणाचे तपशील वाचा, उत्तम आहेत. फ्रान्समध्ये रेल्वे स्टेशनांवर या पुस्तकाच्या विक्रीला बंदी होती. आपल्या स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर काय काय उघड्यावर असतं ते आठवून मला नेहमी हसू येतं.

७. पुढचा क्रम, थोडक्यात

'द ग्रेट गॉड पॅन' (१८९४), आर्थर मॅकेन. लघुकादंबरी आहे. एक डॉक्टर मुलीच्या मेंदूवर छोटी शस्त्रक्रिया करतो, म्हणजे तिला पलीकडचं दिसेल. तिला काय दिसलं हे मॅकेन सांगत नाहीत, त्याची किंमत पुढे इतर लोक मोजत राहतात.

'झानोनी' (१८४२), बुल्वर-लिटन. भाषा जड आणि वाक्यं लांबलचक. पण गुरू बाहेर गेल्यावर उतावीळ शिष्य मनाई असलेली कुपी उघडतो ते प्रकरण चुकवू नका. उंबरठ्यावर उभी असलेली जी भयंकर आकृती त्याला दिसते, ती नंतरच्या कितीतरी तांत्रिक मंडळ्यांनी खरी मानून आपल्या शिकवणीत घेतली. कादंबरीने धर्माला पात्र पुरवलं, असा प्रकार.

'द सी प्रीस्टेस' (१९३८), डायन फॉर्च्युन. नायक इस्टेट एजंट, त्याला दमा, घरी आई आणि बहीण सतत डोक्यावर. लेखिका स्वतः तंत्रसाधना करणारी आणि शिकवणारी होती. प्रकाशक न मिळाल्यामुळे तिने हे पुस्तक स्वतः छापलं. या यादीतलं हेच एक पुस्तक असं, ज्यात पलीकडे गेलेला माणूस आधीपेक्षा बरा होऊन परत येतो.

'द डेव्हिल राइड्स आउट' (१९३४), डेनिस व्हीटली. खडूने आखलेल्या वर्तुळात चौघं रात्र काढतात तो भाग झकास. बाकी, गोरा नसलेला जो तो संशयित, ही लेखकाची खोड डोक्यात जाते. आपण त्या 'बाकीच्यांत' मोडतो हे लक्षात ठेवून वाचा.

या पुस्तकांत मधूनच कर्म, माया, चक्र असे आपले शब्द अर्धवट शिजलेले सापडतील. गूढविद्येचा अभ्यास करणारी थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली, १८७९ मध्ये तिचे संस्थापक मुंबईत उतरले आणि १८८२ मध्ये मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेलं. तिकडून हे शब्द लंडनच्या दिवाणखान्यांत पोचले. १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या 'गोल्डन डॉन' या तंत्रसाधकांच्या मंडळात कवी येट्स होते, क्रोली होता, पुढे मॅकेनही गेले. त्यामुळे हे लेखक एकमेकांना ओळखत होते आणि एकमेकांवर जळतही होते.

८. कधी, कुठे, आणि घरच्यांचं काय

वैशाखात दुपारी गाव ओस पडतं, तेव्हा 'ड्रॅक्युला'तलं बर्फ आणि धुकं वाचायला बरं वाटतं. मॅकेन हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला पोचेपर्यंत संपतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या रात्री वरच्या बर्थवर मतकरी वाचा, पण खालच्या माणसाला गोष्ट सांगू नका, तो झोपणार नाही आणि तुम्हालाही झोपू देणार नाही.

घरात 'असली पुस्तकं नकोत' असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. आजीला वेताळाची चौकटीची गोष्ट पूर्ण सांगा. बहुधा तीच तुम्हाला तिच्या माहेरच्या गावातल्या दोन सांगेल, आणि त्या छापील गोष्टींपेक्षा सरस निघतील.

पुस्तकातले विधी करून बघायचा मोह कुणाला झालाच तर दोन गोष्टी. कादंबरीकार बऱ्याचदा जोडतोड केलेले तपशील घालतात, त्यातून काही निघत नाही. आणि याच्या नादाने 'तोडगा सांगतो' म्हणणाऱ्या बाबाकडे कोणी नेऊ लागला तर निघून या; महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो अशा लोकांसाठीच आहे.

चार-सहा जणांचा गट जमला तर 'ड्रॅक्युला' दुसऱ्यांदा तारखेप्रमाणे वाचा. पहिली नोंद ३ मेची आहे, शेवटची ६ नोव्हेंबरची. नंतर फक्त एक छोटी टीप येते. ज्या तारखेची नोंद त्या दिवशी वाचायची आणि रात्री गटावर दोन ओळी लिहायच्या. प्रकरणं थोडी मागेपुढे होतात, कारण मिनाचं ९ मेचं पत्र पुस्तकात हार्करच्या ३० जूनच्या नोंदीनंतर छापलंय. म्हणून आधी कुणीतरी बसून यादी करून ठेवा. आणि ३१ मेनंतर हार्कर थेट १७ जूनला लिहितो. मधल्या त्या जवळजवळ रिकाम्या दिवसांत धारपांची राहिलेली एखादी उरकून घ्या.